वाढलेल्या आयुष्याचा हिशेब



यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाशी, झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबन हे गाव आहे. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. भोवताली कापसा-तुरीची काळी जमीन आहे, तिच्या पोटात दगडी कोळसा आणि चुनखडी आहे, आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलंगणाची हद्द लागते. २०२२ साली येथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाल्यापासून मुकुटबनचे नाव निघाले, की बोलणे रोजगाराकडे आणि धुळीकडे वळते. मला मात्र या गावाचा विचार आज निराळ्या कारणाने करावयाचा आहे. वृद्धांची संख्या वाढत जाते तेव्हा तरुणांच्या आयुष्याचे काय होते, हा प्रश्न आपण शहरांचा समजतो. परंतु शहरात निवृत्तिवेतन असते, पगारी परिचारिका असते, आणि त्यांच्या आडोशाला या प्रश्नाचे खरे स्वरूप झाकून राहते. कोरडवाहू गावात असा आडोसा नसतो, आणि म्हणून वाढलेल्या आयुष्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो, हे तेथे उघड दिसते.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. त्या काळी म्हातारी माणसे नव्हतीच, असा याचा अर्थ नाही. पाळण्यातली मुले फार मरत, म्हणून सरासरी खाली येई. तथापि ज्यांनी बालपण ओलांडले, तेही आता पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक जगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे एक कोटी दहा लाखांहून अधिक भरले. आणि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या राज्यातील दर स्त्रीमागे अपत्यांचे सरासरी प्रमाण १.७ आढळले. जेथे चार भावंडे आईबापांना वाटून घेत, तेथे पुढे एखादाच मुलगा किंवा एखादीच मुलगी उरणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

यातून जी पहिली अडचण उभी राहते ती जमिनीची, आणि तिची चर्चा फार थोडी होते. १९७०-७१ साली महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरांवर आले. अशा तीन-साडेतीन एकरांच्या सातबाऱ्यावर ऐंशीच्या आजोबांचे नाव आहे, शेत पंचावन्न वर्षांचा मुलगा वाहतो, आणि अठ्ठावीस वर्षांचा नातू वणीला किंवा कारखान्यावर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे, अशी घरे या भागात नवलाची नाहीत. पीककर्ज खातेदाराला मिळते. शासनाचे बहुतेक अनुदान खातेदाराच्या बँकखात्यात जमा होते. आणि ज्याचे हात मातीत आहेत तो इसम तलाठ्याच्या दफ्तरात शेतकरीच नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाप्रमाणे खातेफोड करून घेता येते, हे खरे. परंतु साडेतीन एकरांचे तुकडे पाडून कोणाचे पोट भरणार? नातवाच्या लग्नाची बोलणी निघाली म्हणजे मुलीकडची माणसे, मुलाच्या नावावर काय आहे, हे आधी विचारतात, आणि त्या प्रश्नाला त्या घरापाशी उत्तर नसते.

यात आजोबांना दोष देण्यास मी तयार नाही. एकदा आपले नाव कमी झाले की भाकरीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागेल, ही त्यांची भीती निराधार असती, तर २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण अधिनियमात २३ वे कलम घालावे लागले नसते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द ठरविता येते, असे ते कलम आहे. हे संरक्षण गावोगाव माहीत झाले, आणि दानपत्र करतेवेळी ती अट दस्तात स्पष्ट लिहून घेण्याची रीत पडली, तर कितीतरी वृद्ध निर्धास्त मनाने फेरफार करून देतील आणि कितीतरी मुलांना वेळेवर आपल्या नावाचा सातबारा दिसेल. वृद्धाला निर्भय केल्यावाचून तरुणाचा मार्ग मोकळा होत नाही, ही गोष्ट येथे मला प्रत्यक्ष कायद्याच्या भाषेत लिहिलेली दिसते.

पण याच अधिनियमाची व्याख्या नीट वाचली, म्हणजे एक मोठी उणीव ध्यानात येते. चरितार्थाची जबाबदारी त्याने मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर टाकली. सून त्या यादीत नाही. आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचे हागणेमुतणे काढणारी, तिच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणारी, तिला कुशीवर वळवणारी व्यक्ती बहुतेक घरांत सूनच असते. तिला कायद्याच्या बंधनात अडकवावे, असे मला सुचवावयाचे नाही. जिच्या श्रमावर ही सगळी व्यवस्था उभी आहे, तिची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत, घरातील माणसांची, मग ती मुले असोत की वृद्ध, विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यापायी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, आणि पुरुष ७६ मिनिटे, असे आढळले. स्वयंपाक-पाणी, झाडलोट ही कामे या हिशेबात धरलेलीच नाहीत.

मुकुटबनच्या आसपासच्या पोडांत, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वाड्यांत, आणि शेतमजुरांच्या कोणत्याही वस्तीत, ही मिनिटे रुपयांत मोजावी लागतात. कापसाची वेचणी किलोवर असते, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या हंगामात जी बाई घरी राहिली, तिची वर्षाची मोठी कमाई बुडाली. म्हणून ती वेचणीला जाते आणि तिच्या जागी घरी राहते बारावीत शिकणारी तिची मुलगी. म्हाताऱ्याला यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे लागले, तर सोबतीला कोणी तरी कमावता माणूस जातो आणि त्याचा रोज बुडतो. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्व नागरिकांना आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातील उपचारांसाठी कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांचे कवच मिळू लागले, ही गोष्ट मोलाची आहे आणि तिचे स्वागत मी मनःपूर्वक करतो. परंतु खाटेचा खर्च सरकार देते आणि खाटेशेजारी बसणाऱ्याचा खर्च घर देते. आणि जुनाट दुखण्यात हा दुसरा खर्च वर्षानुवर्षे चालतो. तरुण पिढी वार्धक्याची किंमत पैशांत थोडी आणि वर्षांत अधिक भरते. सुटलेली परीक्षा, हुकलेली नोकरी आणि पुढे ढकललेले लग्न, ही ती वर्षे आहेत.

म्हातारी माणसे घराला भार आहेत, असे मात्र कोणी समजू नये. वृद्धांसाठीच्या शासकीय श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये हाती आले, म्हणजे त्यातून नातवाच्या वह्या येतात, कधी घरचे तेलमीठ येते. सून वेचणीला गेली असता तान्हे मूल आजीच्या मांडीवर असते, आणि आजीचा हात चालतो तोवर घरात दोन मजुऱ्या येतात. तो थकला की एक मजुरी जाते. म्हणजे हिशेब दोन्हीकडून चालतो. आणि वृद्धाच्या हाती पडणाऱ्या तुटपुंज्या रकमेला वृद्धांचे कौतुक समजून जे नाक मुरडतात, त्यांना हे दिसत नाही, की दिवसाकाठी पन्नास रुपयांच्या त्या आधारातला काही वाटा तरुणांच्याच पदरी पडतो. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला, तेव्हा शेतमजुराला कोणते निवृत्तिवेतन, असा प्रश्न अनेकांनी केला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र, कर्मचाऱ्याचेही काढून घ्या, असे देण्यात आले, हे मला उचित वाटले नाही.

घरातल्या या सांभाळाचा खर्च वाटून घेण्याच्या बाबतीत महाराष्ट्राला दूर कोठे आदर्श शोधीत जाण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात, मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हा वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेला विचार या राज्याने राबविला, १९७७ मध्ये त्याचा रोजगार हमी कायदा केला, आणि त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविला. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनातून खेड्यातल्या मजुराची हमी उभी राहिली. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद आली, की कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर पाच किंवा अधिक लहान मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यास एक स्त्री नेमावी आणि तिला इतरांप्रमाणेच मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे खड्डा खणण्याइतकेच काम आहे, हे शासनाने एकदा कागदावर मान्य केले. मग अंथरुणाला खिळलेला वृद्ध सांभाळणे हे काम का ठरू नये?

आईबापांची सेवा मजुरीने करावयाची, हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही, असा आक्षेप यावर येईल, याची मला कल्पना आहे. आक्षेप घेणाऱ्यांच्या मनातल्या आईबापांविषयीच्या आदराबद्दल मला शंका नाही. परंतु कामावरच्या त्या बाईला मुले सांभाळण्याची मजुरी मिळाली, म्हणून त्या मुलांच्या आयांची माया उणी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. गावातील दोन-तीन स्त्रियांना वेचणीच्या हंगामापुरते हे काम दिले, जुजबी शुश्रूषेचे शिक्षण दिले आणि रोजगार हमीच्या दराने मजुरी दिली, तर घरी अडकलेली मुलगी महाविद्यालयात जाईल, सून वेचणीला जाईल आणि म्हाताऱ्याला वेळेवर पाणी मिळेल. यासाठी आधी अशा घरांची गणना हवी. ती मुंबईहून होणार नाही. मुकुटबनच्या आणि प्रत्येक पोडाच्या ग्रामसभेने, कोणाच्या घरी कोण अंथरुणाला आहे आणि त्याच्यापाशी कोण बसते, अशी यादी कापूस फुटण्यापूर्वी करावी, तीत बसणारीचे नाव, वय आणि तिचे सुटलेले काम किंवा शिक्षण लिहावे, आणि ती यादी ठरावासह तहसील कार्यालयात दाखल करावी.