अभ्यासाचे तास आणि अध्ययनाचे फलित

(भिलाई येथे उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीचे मूल्यमापन दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज किती घातले यावरून होत नाही. त्यातून लोखंड किती व कसे निघाले यावरून होते. अभ्यासाबाबत मात्र आपण उलट वागतो. ‘मी रोज दहा तास वाचतो’ असे विद्यार्थी अभिमानाने सांगतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही केवळ आदानाची मोजणी झाली. फलिताचे काय?

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधील प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून, न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला : ८१ टक्के, तर दुसरा ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. पहिल्याचे प्रमाण ४२ टक्क्यांवर आले, दुसऱ्याचे ५६ टक्के राहिले.

याचे कारण असे, की पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. परीक्षेत तर पुस्तक समोर नसते; तेथे स्मरणाची कसोटी लागते. डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वयंचाचणी आणि अंतराअंतराने केलेली उजळणी या दोन पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन यांची उपयुक्तता कमी आढळली.

हे आचरणात कसे आणावे? समजा, आपण ‘राजकोषीय तूट’ हा भाग वाचला. आता पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर व्याख्या लिहा; महसुली तुटीहून ती वेगळी कशी, हे स्वतःच्या शब्दांत मांडा. मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त करा. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा घ्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकांत क्षमताधिष्ठित प्रश्नांचा वाटा ५० टक्के केला आहे. त्यामुळे समजून आठवण्याचे महत्त्व वाढले आहे.

एक सावधगिरीची सूचना. ही पद्धत आरंभी नाउमेद करते. कागद बराचसा कोराच राहतो. अनेक कष्टाळू मुले अशा वेळी ‘आपल्यात बुद्धीच नाही’ असे ठरवून विषय सोडून देतात. ही हानी केवळ त्यांची नसते. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्या कुटुंबाची आणि देशाचीही असते. कोरा कागद बुद्धीचा अभाव दाखवत नाही, पुढील अभ्यास कोठे करायचा ते दाखवतो.

भिलाईचा रूळ मार्गावर टाकण्यापूर्वी कारखान्यातच श्रव्यातीत ध्वनिलहरींनी तपासला जातो, कारण दोष तेथे सापडला तर तो दूर करता येतो. आपणही आपली परीक्षा परीक्षेपूर्वीच घ्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.