लाट कुठून आली?

श्रोते हो, वैशाखातली सकाळ आहे आणि रत्नागिरीकडच्या एखाद्या किनाऱ्यावर आपण उभे आहोत, असे समजा. वारा पडलेला आहे. माडाची झावळीसुद्धा हलत नाही. अशा वेळी समुद्र कसा अगदी निवांत असायला हवा. पण नाही. गुळगुळीत पाठीची एक लांबलचक लाट सावकाश येते, वाळूवर आपटते आणि मागे जाते. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी येते. वारा तर नाही. मग ही लाट उठवली कोणी?

ती उठवली वाऱ्यानेच. पण तो वारा इथला नव्हे, आणि आजचाही नव्हे. दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या समुद्रात, सहा-आठ दिवसांपूर्वी झालेल्या वादळाची ती लाट असू शकते. ही गोष्ट नुसती तर्काने नव्हे, तर मोजून सिद्ध करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची हकीकत आज सांगायची आहे. त्यांचे नाव वॉल्टर मंक.

आधी लाट म्हणजे काय ते पाहू. घाटावरच्या पुष्कळ मंडळींनी समुद्र पाहिला नसेल, पण वाऱ्यावर डोलणारे ज्वारीचे शेत पाहिलेच आहे. एका बांधाकडून दुसऱ्या बांधाकडे लाट धावत जाते. ताटे मात्र जिथल्या तिथे उभी असतात. समुद्राचेही तसेच आहे. पाणी वरखाली होऊन जवळपास जागच्या जागी राहते. पुढे जाते ती हालचाल, तो जोर. म्हणून दूरची लाट आली म्हणजे दूरचे पाणी आले असे नव्हे. आली ती वादळाची खबर.

मंक यांचा जन्म १९१७ साली व्हिएन्ना शहरात झाला. घरच्यांना वाटे, पोराने पेढी सांभाळावी. म्हणून चौदाव्या वर्षी त्यांना न्यूयॉर्कला पाठवले. पेढीत जीव रमला नाही. ते कॅलिफोर्नियात शिकायला गेले आणि १९३९ च्या सुट्टीत तिथल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञानाच्या संस्थेत उमेदवारी करू लागले. ती संस्था त्यांनी जन्मभर सोडली नाही.

मग महायुद्ध आले. १९४२ साली अमेरिकेचे सैन्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवण्याची तयारी चालली होती. सपाट तळाच्या नावांतून शिपाई किनाऱ्याला लावण्याचा सराव होई. लाटा जरा मोठ्या झाल्या की नावा आडव्या होत, पाणी भरे, आणि त्या दिवसाचा सराव बंद. मंक यांनी चौकशी केली, तर आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात लाटा याहून मोठ्याच असतात असे कळले. सरावाच्या दिवशी घरी परतता येते. चढाईच्या दिवशी कुठे परतणार? लाटांचा अंदाज आधी सांगता आला नाही, तर शत्रूची गोळी लागण्यापूर्वीच माणसे बुडाली असती.

मंक आणि त्यांचे गुरू, नॉर्वेचे हॅराल्ड स्वेर्द्रुप, कामाला लागले. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, किती पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवरून लाट केवढी होईल याचे गणित त्यांनी बसवले. त्यातली एक गंमत मंक पुढे सांगत. ‘लाट किती उंच?’ असे नावाड्याला विचारले, तर तो सगळ्या लाटांची सरासरी काही सांगत नसे. तो जे सांगे ते सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीशी जुळे. शास्त्रज्ञांनी नावाड्याचे माप चूक ठरवले नाही. तेच माप धरले. आजही जगभर लाटांची उंची याच मापाने सांगतात. शाळेतल्या सरासरीहून हे माप वेगळे का, याचा विचार गुरुजींनी मुलांबरोबर जरूर करावा. नाव बुडते ती लहान लाटेने नव्हे.

या पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या हवामान-अधिकाऱ्यांनी जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील उतरणीसाठी लाटांचे अंदाज दिले. ठरलेला ५ जूनचा बेत खराब हवेमुळे एक दिवस पुढे गेला, हे इतिहासात आपण वाचतोच.

युद्ध संपले, पण मंक यांचे कुतूहल संपले नाही. मेक्सिकोजवळच्या ग्वादालुपे बेटापाशी त्यांनी समुद्रतळावर पाण्याचा दाब मोजणारे यंत्र ठेवले. डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतक्या बारीक लाटाही त्यात उमटत. त्यांतल्या काहींचा माग काढता काढता ते थेट आपल्या हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाच्या वादळांपर्यंत पोचले! पुढे १९६३ साली त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत एका रांगेत सहा ठाणी मांडली. स्वतः बायकामुलांसह सामोआ बेटावर राहिले. मध्ये एका ठिकाणी बेटच नव्हते. तिथे ‘फ्लिप’ नावाचे अजब जहाज नेले. ते पाण्यात उभे करता येई, नाक वर, शेपूट खाली. आधीची भिंत मग जमीन होई. या सहा ठाण्यांनी दाखवले की, वादळाच्या आसपास लाटांचा जोर थोडा उतरतो, पण एकदा ती हद्द ओलांडली की हजारो किलोमीटर त्या जवळजवळ काही न गमावता चालत राहतात.

आता लाटेचे गाव ओळखायचे कसे? हे गणित सातवीच्या मुलालाही सुटेल. दोन शिखरांमध्ये जास्त वेळ घेणाऱ्या लाटा खोल समुद्रात जास्त वेगाने पुढे जातात. वीस सेकंदांच्या लाटांचा थवा ताशी सुमारे ५६ किलोमीटर जातो, पंधरा सेकंदांचा सुमारे ४२. दोघे एकाच वादळातून एकाच वेळी निघाले. आपल्या किनाऱ्यावर वीसवाल्या आज आल्या आणि पंधरावाल्या दोन दिवसांनी. तर वादळ किती दूर? उत्तर येते सुमारे ८ हजार किलोमीटर. पहिल्यांना सहा दिवस लागले, दुसऱ्यांना आठ. कोकणातून सरळ दक्षिणेला ८ हजार किलोमीटर मोजा. बोट अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या, कायम घोंघावणाऱ्या समुद्रावर येईल.

लाटेने वादळाची बातमी दिली. पण समुद्राच्या पोटातली बातमी ती देत नाही. कोळसा आणि तेल जाळून आपण पृथ्वीवर जी जादा उष्णता साठवत आहोत, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात जातो. एवढ्या पाण्यात थर्मामीटर बुडवायचा कुठे कुठे? इथे मंक यांनी ध्वनीचा उपयोग करायचे ठरवले. पाण्यात ध्वनी सेकंदाला दीड किलोमीटर जातो, आणि पाणी तापले की अधिक वेगाने जातो. समुद्राच्या मधल्या थरात ध्वनीला जणू पाटच मिळतो. शेताच्या पाटातले पाणी जसे इकडेतिकडे न पसरता शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचते, तसा आवाज त्यातून फार दूर जातो.

जानेवारी १९९१ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मंक दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटापाशी गेले. जहाजातून खर्जातला आवाज पाण्यात सोडला. तो एकीकडे बर्म्युडाजवळ, दुसरीकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे १८ हजार किलोमीटरवर ऐकू आला. तीन तासांहून अधिक प्रवास! एवढ्या वाटेवरचे पाणी अंशाच्या पाच-हजारांशाने तापले, म्हणजे अंशाच्या दोनशेव्या भागाने, तर आवाज पाव सेकंदाहूनही कमी वेळ आधी पोचेल. पण तेवढे मोजता येते. ठरलेले दिवस मात्र पुरे झाले नाहीत. ज्या दक्षिणी वादळांच्या लाटा त्यांनी आयुष्यभर वाचल्या, त्याच समुद्राने त्यांची यंत्रे मोडली.

पुढे उत्तर पॅसिफिकमध्ये हेच काम करायचे ठरले, तेव्हा देवमाशांना या आवाजाचा त्रास होईल अशी मोठी हरकत निघाली. माझ्या मते विचारणाऱ्यांचे चुकले नाही. ज्याच्या घरात ओरडायचे त्याचा विचार आधी व्हायलाच हवा. देवमाशांवर पाहणी करत काम चालले आणि २००६ मध्ये थांबले. आज समुद्राचा ताप मुख्यतः पाण्यात बुडी मारून वर येणारी, सुमारे चार हजार तरंगती यंत्रे मोजतात.

तापलेले पाणी फुगते, जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते, आणि समुद्राची पातळी चढते. २००२ साली मंक यांनी लिहून दाखवले की, विसाव्या शतकातल्या पातळीच्या वाढीचा जमाखर्च जुळत नाही. पातळी जितकी चढली तितकी कारणे हिशेबात सापडत नव्हती. वय होते पंच्याऐंशीच्या घरात. स्वतःच्या विद्येतली उणीव अशी उघड मांडायला धैर्य लागते. पुढच्या संशोधकांनी मापे सुधारून तो हिशेब पुष्कळ जुळवत आणला. मंक २०१९ साली, एकशे एक वर्षांचे होऊन वारले.

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. पातळी आधीच चढलेली, त्यात उधाणाची भरती, आणि नेमकी त्याच वेळी दूरच्या वादळाची लाट आली, तर आभाळ निरभ्र असताना पाणी अंगणात शिरते. केरळात याला कल्लकडल, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा लाटांची सूचना आधी देते. हवा चांगली आहे म्हणून ती सूचना कोळी बांधवांनी बाजूला ठेवू नये.

किनाऱ्याजवळच्या गुरुजींना एक काम सुचवतो. वारा नसेल अशा सकाळी मुलांना घेऊन जा, पण पाण्यापासून दूर, उंच जागी उभे राहा. खडकावर किंवा खुंटावर एक खूण धरा. तिथून दहा लाटा जायला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहा आणि दहाने भागा. आठवडाभर रोज तारीख घालून वहीत लिहा. आकडा दिवसेंदिवस उतरत गेला, तर वरचे गणित मांडून पाहा. मात्र पहिले शिखर आले की ‘एक’ म्हणायचे नाही, ‘शून्य’ म्हणायचे. बहुतेकांची चूक तिथेच होते.