गीत, संगीत आणि स्वर : गाण्याचे अ‍ॅप निवडताना



साहित्याच्या व्यासपीठावर मोबाईलवरच्या गाण्यांचा विषय काहींना हलका वाटेल. पण आपल्या सीमाभागातल्या घरांत मराठी जितकी पुस्तकांनी टिकवली, तितकीच ती कानांनी टिकवली. ते काम पूर्वी सांगली, पणजी, धारवाड ही आकाशवाणी केंद्रे करत. आता ते स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जिओसावन यांच्याकडे गेले आहे. म्हणून दरमहा पैसे भरण्यापूर्वी आवाज, दाम आणि सोय या तिन्ही बाजूंनी त्यांच्याकडे पाहू या.

आधी आवाज. सीडीवर दर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. अ‍ॅप त्यातला कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून गाणे पाठवते. स्पॉटिफाय आणि जिओसावनच्या सशुल्क सेवेत ही मर्यादा ३२० पर्यंत जाते, यूट्यूब म्युझिकची २५६ पर्यंत. अ‍ॅपल म्युझिकची नेहमीची प्रतही २५६ चीच, पण २०२१ पासून त्याच वर्गणीत काहीही न गाळलेली, म्हणजे ‘लॉसलेस’ प्रत मिळते. स्पॉटिफायने ती २०२५ मध्ये आणली. भारतात ती वरच्या दराच्या योजनेत आहे.

हा फरक तुम्हाला ऐकू येईल का? साध्या ब्लूटूथ हेडफोनवर नाही, कारण ब्लूटूथ स्वतःच आवाज पुन्हा आकसतो. त्यासाठी वायरचा हेडफोन किंवा चांगली स्पीकरची जोडी हवी. शिवाय वय आहेच. साठीनंतर बहुतेकांना दहा हजार हर्ट्झच्या वरचे ध्वनी कमी ऐकू येतात. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो आणि साठी ओलांडलेला श्रोता म्हणूनही. आणि जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांचे काय? १९२५ पर्यंत गायक भोंग्यासमोर गात. जे त्या भोंग्यात शिरलेच नाही, ते कोणतीही लॉसलेस प्रत आज देऊ शकत नाही. शंका असेल तर नातवाला सांगा, दोन्ही प्रती न दाखवता आलटून पालटून लाव. औषधांच्या चाचणीत हीच रीत असते. दहापैकी आठ-नऊ वेळा ओळखता आले, तर खुशाल जादा पैसे भरा. डेटाचाही हिशेब ठेवा : ३२० च्या प्रतीला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, लॉसलेसला त्याच्या दुपटीहून जास्त.

आता दाम. एका माणसाची वर्गणी साधारण शंभर ते तीनशे रुपयांच्या पट्ट्यात येते आणि ती बदलत राहते. १४९ रुपयांचे यूट्यूब प्रीमियम महाग वाटले, तरी त्यात जाहिरातींविना व्हिडिओही येतात. जुन्या मैफली आणि कीर्तने ऐकणाऱ्यांना तेच परवडते. कौटुंबिक योजनेत एकाहून अधिक जण बसतात. मात्र स्पॉटिफाय आणि यूट्यूबची अट अशी की सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. मुलगा पुण्याला असेल तर आधी हे पाहा. आणि ही वर्गणी म्हणजे भाडे आहे, खरेदी नव्हे. रेसो आणि विंक या दोन सेवा २०२४ मध्ये बंद झाल्या. लोकांनी तिथे जमवलेल्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या. घरातल्या कॅसेट आणि तबकड्या म्हणून रद्दीत घालू नका.

राहिली सोय. ती तपासायला मी ‘गीतरामायण’ लावून पाहायला सांगेन. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गीते क्रमाने प्रसारित झाली. कथा क्रमानेच चालते. म्हणून ‘शफल’ बंद करता येते का, मध्ये जाहिरात येते का, ते पाहा. फुकट सेवा इथेच नापास होते. ‘क्रॉसफेड’ही बंद करा, नाहीतर एका गीताचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात मिसळतो. ख्यालाचा विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे केलेले असतील, तर तिथेही हीच काळजी घ्या.

मग पडद्यावर नाव पाहा. सुधीर फडके दिसतील. ग. दि. माडगूळकर दिसतातच असे नाही. पुष्कळदा ‘क्रेडिट्स’मध्ये शिरून शोधावे लागतात आणि तिथेही प्रत्येक वेळी सापडत नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. आकाशवाणीचा निवेदक गीत, संगीत आणि स्वर अशी तिन्ही नावे सांगे. शाळेत मराठी न शिकलेल्या मुलालाही त्यामुळे कवींची नावे पाठ होत. अ‍ॅपची रचना गाणे, गायक, अल्बम एवढ्यावर उभी आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताला ती अपुरी पडते, म्हणून अ‍ॅपलने २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे अ‍ॅपच काढले. त्यात रचनाकार, रचना, वाद्यवृंदाचा संचालक यांवरून शोध घेता येतो. राग, ताल, घराणे यांवरून असा शोध घेण्याची सोय या मोठ्या सेवांत सहजी सापडत नाही. तसे करता येते हे सिद्ध झाले आहे; आपल्या संगीतासाठी या सेवांनी तेवढे केलेले नाही, इतकेच.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू. ज्या सेवेवर तुमची गाणी सापडतात आणि घरच्या फोनला जी झेपते, ती घ्या. ३२० आणि २५६ च्या वादात पडू नका. कवीच्या नावाने यादी करा, शीर्षक देवनागरीत लिहा, ती मुलांना पाठवा. आणि गाणे सुरू होण्याआधी निवेदकाचे काम घरात कुणीतरी करा : गीत कोणाचे, संगीत कोणाचे, स्वर कोणाचा. याला वर्गणी लागत नाही.