प्रोफेसर नाही, स्टुडंटही नाही!
(मंडळाच्या करिअर मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण)



'अमका युनिव्हर्सिटीत आहे' म्हटलं की आपला पुढचा प्रश्न ठरलेला: 'प्रोफेसर की स्टुडंट?' पण इथल्या संशोधन विद्यापीठांत तिसरी जमातही मोठी असते. सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, लॅब मॅनेजर, क्लिनिकल ट्रायलचा डेटा सांभाळणारे, संशोधकांना सॉफ्टवेअर लिहून देणारे. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठात मोझॅक ब्राउझर तयार झाला. त्यातला मार्क अँड्रीसन विद्यार्थी होता, पण जोडीने कोड लिहिणारा एरिक बिना तिथला पगारी प्रोग्रॅमर होता!

आपल्याला या नोकऱ्यांचं आकर्षण म्हणजे व्हिसा. कंपन्यांना एच-वन-बीसाठी वर्षाला ८५,००० चा कोटा आणि लॉटरी. विद्यापीठांना तो कोटा लागू नाही. मात्र तिथून पुढे कंपनीत जायचं, आणि आधी कोट्यात नंबर लागलेला नसेल, तर लॉटरी चुकत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या जाहीरनाम्याने देशाबाहेरच्या नव्या उमेदवारांसाठी एक लाख डॉलर शुल्क लावलं, त्यात विद्यापीठांना सरसकट सूट नव्हती. तेव्हा वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

दुसरी गोष्ट वेळेची. एच-वन-बीवर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. विद्यापीठात जाहिरात, निवड समिती, मुलाखती यांतच दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून ले-ऑफची कुणकुण लागताच अर्ज करा, पत्र हातात पडायची वाट बघू नका. अर्ज विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर करायचा. जाहिरातीत 'आवश्यक पात्रता' म्हणून जे मुद्दे असतात, त्यातल्या प्रत्येकाला कव्हर लेटरमध्ये सरळ उत्तर द्या. एचआरची पहिली चाळणी तीच. कंपनीला पाठवलेला रेझ्युमे तसाच ढकललात तर तो चाळणीतच अडकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सरकारी विद्यापीठ म्हणजे आपल्याकडची 'पर्मनंट' नोकरी, असं समजू नका. मुलाखतीत नम्रपणे विचारा, "या जागेचा पगार कुठून येतो?" विद्यापीठाच्या नेहमीच्या बजेटमधून येत असेल तर ठीक. ग्रँटमधून येत असेल तर ती कधी संपते, आणि नंतर काय, हेही विचारा. मार्च २०२५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने परदेशी मदतीचा सरकारी निधी थांबल्यावर २,००० हून अधिक जागा कमी केल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेबाहेरच्या होत्या, पण कारण तेच: ग्रँट गेली, जागा गेली.

पगार बहुधा कंपनीपेक्षा कमीच. पण पेन्शन किंवा ४०३-बी, सुट्ट्या आणि बऱ्याच ठिकाणी मुलांच्या फीमध्ये सवलत, हे सगळं मांडून मगच तुलना करा. नवराबायकोने एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसा. एकाची नोकरी कंपनीत आणि दुसऱ्याची विद्यापीठात असली, तर दोन्ही एकाच वाऱ्याने हलण्याची शक्यता कमी. परदेशात घर उभं करताना एवढा आधारही पुष्कळ असतो.