ठाण्यात नेलेले मूल आणि आईबापांचा हक्क



तुमचे मूल पोलिसांनी नेले, तर ठाण्याच्या पायरीवर हात जोडून बसू नका. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०७ अन्वये प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असावाच लागतो. त्याचे नाव विचारा. अठरा वर्षांखालील मुलास कोठडीत टाकता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत त्यास बाल न्याय मंडळापुढे नेलेच पाहिजे. आईबापांना कळविणे हे उपकार नव्हेत, कलम १३ चे बंधन आहे. वकीलही विनामूल्य मिळतो. त्यासाठी सावकाराचे दार कशाला?

परिविक्षा अधिकारी घरी आला, तर दार लावू नका. दोन आठवड्यांत त्याचा अहवाल मंडळाकडे जातो. ऊसतोडीसाठी तुम्ही परमुलखात होता आणि लेकरू आजीपाशी होते, ही हकीकत त्या कागदावर आली नाही, तर मंडळास ती कळावी कोठून?

‘गरिबीपायी लेकरू काढून नेतील काय?’ असे माता विचारतात. कायद्याचे तत्त्व नेमके उलट आहे. बालगृह हा शेवटचा उपाय होय. विधवा वा परित्यक्ता मातेचे मूल घरीच वाढावे म्हणून कलम ४५ मध्ये अर्थसाह्याची तरतूद आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावा आणि त्याची पोच मागून घ्यावी.