समान वाटणी आणि गरजेची वाटणी



गोथा कार्यक्रमावर १८७५ साली टीका करताना मार्क्सने एक अडचणीचा मुद्दा मांडला होता. माणसे असमान असताना त्यांना एकाच मापाने मोजले, तर समान हक्काच्या पोटातूनच विषमता निपजते. विशेष मुलांच्या वर्गात घटकाभर बसले की हा मुद्दा पुस्तकातून उठून समोर येतो.

आठ मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. एकाला पेन्सिल धरता येत नाही, पण आकडे तोंडपाठ आहेत. दुसरीला शाळेची घंटा असह्य होते. तिसरा बारा वर्षांचा आहे. दहाच्या आणि वीसच्या नोटेतला फरक त्याला अजून उमगलेला नाही. या तिघांना एकच धडा देणे म्हणजे तिघांनाही काही न शिकवणे. म्हणून प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करावा लागतो. त्यात ‘गणित सुधारणे’ असे मोघम लिहून भागत नाही. तीन महिन्यांत या मुलाने भाजीवालीला वीसची नोट देऊन उरलेले पैसे परत घ्यावेत, असे लिहावे लागते. मग त्या कृतीचे तुकडे पाडायचे : नोट ओळखणे, ती देणे, थांबणे, हात पुढे करणे, मोजणे. कोणता तुकडा जमला, कोणता अडला, याची रोज नोंद ठेवायची. अडला तर दोष मुलाचा नसतो, पद्धत बदलायची असते. शेवटचा टप्पा तर पनवेलच्या भाजीबाजारातच पार पडू शकतो, फळ्यावर नव्हे. आणि कुटुंब हंगामापुरते वीटभट्टीवर गेले, तर आराखडा शाळेच्या कपाटात राहतो व मूल भट्टीवर.

हे सारे श्रमाचे काम आहे, आणि श्रमाचा हिशेब मांडता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे, तर त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सांगितले. शाळेचे पाच तास धरले, तर दहा मुलांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदे मंजूर केली. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांच्या लढ्याचे ते फळ आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण एका केंद्रात दहा शाळा धरल्या आणि महिन्याचे कामाचे दिवस बावीस मानले, तर एका शाळेच्या वाट्याला महिन्यातून दोनच दिवस येतात. दोन दिवसांत रोजची नोंद कशी ठेवायची?

विशेष शाळा मुलांना समाजापासून तोडतात, असा आक्षेप आपल्यातलेच काही मित्र घेतात. तो पोकळ नाही. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीचे काम सुरू केले ते विशेष शाळेने; पुढे त्याच संस्थेने सामान्य शाळेतील समावेशाचा आग्रह धरला. मात्र शिक्षकाविना समावेश म्हणजे मागच्या बाकावरची एक जागा, आणि ती सरकारला फार स्वस्त पडते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याच सुमारास सरकारी कागदावरचे ‘अपंग’ गेले, ‘दिव्यांग’ आले. शब्द बदलायला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

पनवेल महानगरपालिकाही २०१६ चीच. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. जमिनीचे भाव तर त्याच्या आधीपासूनच चढत होते. येथे पैसा नाही, असे कोणी म्हणणार नाही. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची आहे. ती साहित्यवाटपाच्या समारंभात आणि हारतुऱ्यांत संपते की शिक्षकाच्या पगारात जाते, हे तपासणे कार्यकर्त्यांचे काम आहे. पुढचे अंदाजपत्रक मांडले जाण्याआधी प्रभागातील प्रत्येक शाळेत जावे. अशी मुले किती, त्यांतल्या किती जणांचा आराखडा लिहिला गेला आहे आणि त्यावरची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, एवढे विचारून कागदावर उतरवून आणावे.