वाटसरूचा विसावा: सोपाऱ्याच्या धर्मशाळेपासून विमानतळाच्या लाउंजपर्यंत



विमानतळावरील लाउंज आणि गोल्फची मैदाने हा विषय वसई-विरारच्या श्रोत्यांपुढे मांडणे म्हणजे उपाशी माणसाजवळ श्रीखंडाची चर्चा करण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. आपल्यापैकी पुष्कळांचा रोजचा प्रवास विरार ते चर्चगेट. आणि त्यात बसायला जागा मिळाली तर ती बातमी घरी जाऊन सांगण्याजोगी ठरते. परंतु हा विषय दिसतो तितका परका नाही. वाटसरूला विसावा कोणी द्यावा, कोणाला द्यावा आणि काय पाहून द्यावा, हा त्यातला मूळ प्रश्न आहे; आणि त्याचे एक फार जुने उत्तर आपल्याच भूमीच्या नावावर कोरलेले आहे. तिकडे जाण्यापूर्वी लाउंज म्हणजे काय ते थोडे पाहू.

विमानतळावर सर्वांसाठी खुर्च्यांच्या रांगा असतातच. त्याखेरीज एका बंद दाराआड गुबगुबीत आसने, गरम जेवण, वर्तमानपत्रे, स्नानाची सोय आणि मुख्य म्हणजे शांतता मिळते. ही कल्पना रुजवली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने. १९३९ साली तिने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर 'ॲडमिरल्स क्लब' उघडला. आरंभी तेथे पैसे देऊनही प्रवेश नव्हता. कंपनी ज्याला निमंत्रण देईल तोच सभासद. पुढे याच कंपनीने १९८१ च्या मे महिन्यात प्रवाशाने उडून काटलेले मैल मोजण्याची योजना काढली. जो जास्त उडेल त्याच्या खाती जास्त मैल, आणि ज्याच्या खाती मैल त्याला जास्त मान! आज आपल्या देशात बँकेचे क्रेडिट कार्डच हे दार उघडते. वरच्या दर्जाच्या काही कार्डांवर वर्षाकाठी लाउंजच्या इतक्या फेऱ्या आणि गोल्फचे इतके डाव, असे दोन्ही एकाच यादीत दिलेले असतात. वारंवार प्रवास करणाऱ्याला काय आवडावे, हे बँकेने ठरवून टाकले आहे.

आता या 'वारंवार प्रवास करणारा' शब्दांकडे जरा नीट पाहू या. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. जाऊन येऊन १२०. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर ३६,००० किलोमीटर झाले. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे आपला चाकरमान्या दरवर्षी जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा घालतो, आणि तीही बहुधा उभ्याने. तीस वर्षांच्या नोकरीत हा हिशेब १० लाख ८० हजार किलोमीटरवर जातो. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. तेव्हा हा गृहस्थ चंद्रावर जाऊन परत आला, आणि निवृत्तीच्या दिवशी दुसऱ्या खेपेची चार पंचमांश वाट चालून गेलेला आहे! मैल मोजूनच मान द्यायचा असेल, तर जगातल्या कोणत्याही लाउंजचे दार याच्यासाठी आपण होऊन उघडले पाहिजे.

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षे आपण हा प्रवास करीत आहोत. आपल्याला कोणी लाउंज दिला नाही, म्हणून आपल्या लोकांनी तो डब्यातच उभा केला. तेथे भजनी मंडळे आहेत, दसऱ्याला डब्याची पूजा आहे, बायकांच्या डब्यात हळदीकुंकू आहे आणि संध्याकाळची भाजीही तेथेच निवडली जाते. पहाटेच्या गाडीने वसईची फुले आणि भाजी दादरला जाते. त्या टोपल्यांशेजारी उभी असलेली आमची बागायतदारीण हीही वारंवार प्रवास करणारीच. या माणसांनी आपली सोय आपण केली, याचे कौतुक जरूर करावे. पण त्या कौतुकाचा उपयोग त्यांना काही न देण्यासाठी सबब म्हणून होऊ नये.

आता त्या जुन्या उत्तराकडे वळू. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची ती नोंद. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. त्यात म्हटले आहे की भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने चौसोपी विश्रांतिगृहे आणि आसऱ्याच्या जागा बांधून दिल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसोर, गोवर्धन नाशिकजवळचे, आणि शोर्पारग म्हणजे श्रोतेहो, आपले सोपारे! एवढ्यावर हा गृहस्थ थांबला नाही. सहा नद्यांवर त्याने होड्या ठेवून उतारूंना फुकट पार नेण्याची व्यवस्था केली. त्या नद्यांत तापी आहे, दमणा आहे आणि डाहाणुकाही आहे. शिवाय नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसण्याउठण्याच्या जागा आणि पाणपोया घातल्या. दोन्ही तीरांवर, हे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. होडीची वाट पाहणारा माणूस दोन्ही काठांवर असतो, आणि वाट पाहण्याला सावली व पाणी लागते, एवढे त्या कारभाऱ्याला कळत होते. सोपारे त्या वेळी मोठे बंदर होते. ज्या बंदरातून व्यापार चालतो तेथे वाटसरूची सोय करणे हा उपकार नाही, तो बंदराच्या खर्चाचाच भाग आहे, असा या लेखाचा मी अर्थ घेतो.

परंतु जुने ते सगळे सोने, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. मागल्या काळात कितीएक धर्मशाळांच्या आणि पाणवठ्यांच्या दारात माणसाची जात उभी असे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हे आपण विसरू शकत नाही. मग आगगाडी आली. तिच्या फलाटांवर प्रतीक्षालये झाली, पण वरच्या वर्गाची निराळी, खालच्या वर्गाची निराळी. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या हालांवर गांधीजींनी १९१७ साली एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली, आणि तिसरा वर्ग नावाने गेला तो १९७४ मध्ये. आता विमानतळाच्या दारात यंत्र आहे. ते ना जात विचारते, ना वर्ग. ते फक्त बँकेतली पत विचारते. जात, वर्ग आणि पत! पहारेकरी बदलत गेला, आणि प्रत्येक बदल आधीच्यापेक्षा बरा होता हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु दमलेल्या माणसाला 'तुम्ही दमला आहात का?' हा एकच प्रश्न कोणी विचारीत नाही.

लाउंजबरोबर त्याच यादीत येते ते गोल्फचे मैदान. आपल्या देशात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. १८२९ साली स्थापन झालेला कलकत्त्याचा गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब समजला जातो. मुंबईत चेंबूरचे मैदान १९२७ चे. हा केवळ श्रीमंतांचा खेळ, असे मात्र म्हणू नये. दिल्लीच्या मैदानावर १९९१ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा मुलगा; आणि पुढे हीच स्पर्धा २०१६ व २०१७ अशी लागोपाठ जिंकणारा चौरासिया हा कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पोराच्या हाती काठी आली तर काय होते, ते या दोघांनी दाखवले.

पण या खेळाची दुसरी बाजू पाण्याची आहे. समजा, वीस हेक्टर हिरवळ उन्हाळ्यात राखायची आणि तिला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे. सरळ गुणाकार केला तर रोजचे दहा लाख लिटर होतात. माणशी शंभर लिटर धरले तर दहा हजार माणसांचे पाणी! काही मैदाने शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर जगवतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही ज्या शहरात टँकरची वाट पाहणे हा गृहिणीचा नित्यक्रम आहे, त्या शहराने हा गुणाकार पाठ ठेवावा. आमच्या बावखलांनी आणि विहिरींनी ही वसई हिरवी ठेवली; ते पाणी आणि ती जमीन यांचा विनियोग काय होतो यावर गावाचे लक्ष हवे.

गोल्फच्या माहेरी काय चालते तेही पाहावे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथले जुने मैदान समुद्रकाठच्या वाळूच्या माळावर आहे, थेट आपल्या अर्नाळा-कळंबसारख्या किनाऱ्यावर. ती जमीन कोणा क्लबाची नाही, गावाची आहे. रविवारी एरवी तेथे खेळ बंद असतो, आणि गावकरी मुलाबाळांसह, कुत्र्यांसह त्या हिरवळीवर फिरतात. ज्या खेळाची आपण नक्कल करतो त्याच्या मुळाशी गावाचा हक्क आहे; आपण मात्र कुंपण तेवढे उचलले.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सापडला. त्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि करमणूक यांसाठी. आपण मात्र अभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेथून धर्मयात्रा सुरू केली, असे अशोक सांगतो. धर्मयात्रेत काय करायचे? साधूंना व वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून बोलायचे. विहार करू नये असे माझे म्हणणे नाही. थकलेल्या माणसाने जरूर खेळावे. परंतु सत्तावंत आणि धनवंत जेव्हा एका लाउंजमधून निघून दुसऱ्या लाउंजमध्ये उतरतात आणि तेथून थेट हिरवळीवर जातात, तेव्हा वाटेतला देश त्यांना भेटतच नाही. आणि ज्याला फलाट भेटला नाही, त्याला फलाटावर बाक हवा हे सुचणार कसे?

म्हणून माझी मागणी लाउंज बंद करण्याची नाही. ज्याला मऊ खुर्ची विकत घ्यायची असेल त्याने घ्यावी. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर फुलपाखरांची बाग आहे आणि तेथे शिरायला कार्ड लागत नाही. आम्सटरडॅमच्या विमानतळावर २०१० सालापासून सर्व उतारूंसाठी वाचनालय आहे. आधी सर्वांचा विसावा, मग काहींची चैन, हा क्रम पाळता येतो. आपल्याला तर बागही नको. वसई, नालासोपारा आणि विरार येथल्या फलाटांवर म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकता येईल असा बाक, स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी, डोक्यावर छप्पर, आणि मूल घेऊन आलेल्या बाईसाठी एक आडोशाची खोली, एवढे असावे. ते कोणाच्या कार्डावर, दर्जावर किंवा कृपेवर अवलंबून नसावे. हे मागताना आपल्याला परदेशाचे दाखले देण्याची गरज नाही. अर्जात एवढेच लिहावे, की दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या सोपाऱ्यात वाटसरूला चौसोपी घर होते. आजच्या कारभाऱ्यांनी निदान एक बाक द्यावा.